कोडगूचा इतिहास मडिकेरीच्या बाहेर राहतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नोव्हेंबरच्या अखेरीस आपण पुण्याहून पाच जण, त्यांत सत्तरी ओलांडलेली आई आणि दहावीतली मुलगी, चार दिवसांसाठी कर्नाटकातील कोडगू (कूर्ग) जिल्ह्यात जाणार आहात. घरातील सर्वांना इतिहासाची आवड आहे. परंतु सहल ठरवून देणाऱ्या गृहस्थांनी आपल्याला सांगितले की कूर्गमध्ये इतिहास म्हणण्यासारखा एक किल्ला आणि तीन घुमट एवढाच आहे, बाकी धबधबे, हत्ती आणि कॉफी. तेव्हा दोन दिवस पुरतात. हे खरे आहे का, आणि नसेल तर काय पाहावे व कोणत्या क्रमाने, असे आपण विचारले आहे.

मी गेली तेवीस वर्षे दहा-बारा जणांचे छोटे गट घेऊन या जिल्ह्यात अभ्याससहली नेत आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत मीही 'पॉइंट' दाखवत फिरलो आणि परतताना माझ्याही मनात हेच आले होते, की हे कोकणासारखे हिरवेगार आहे, पण पाहण्यासारखे जुने फारसे नाही. आज माझे मत अगदी उलट आहे. कोडगूत इतिहास भरपूर आहे, मात्र तो ज्या रूपात शोधण्याची आपल्याला सवय आहे त्या रूपात तो नाही. आपण महाराष्ट्रातून जातो तेव्हा डोळे किल्ले, वाडे, पेठा आणि मोठी देवळे शोधत असतात. कोडगूत राजा होता, पण तो तेथील समाजाचा नव्हता आणि त्याची सत्ता त्या समाजाच्या वरच्या थरावर बसलेली होती. खालचा थर होता घरांचा, भातखाचरांचा आणि देवरायांचा. तो राजाच्या आधीही होता आणि राजा गेल्यावरही राहिला. म्हणून माझी आपल्याला पहिली सूचना अशी, की जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या मडिकेरीचा किल्ला पहिल्या दिवशी न पाहता शेवटच्या दिवशी पाहावा.

नावाविषयी आधी दोन शब्द. 'कूर्ग' हे इंग्रजांनी केलेले रूप. स्थानिक नाव कोडगू आणि तेथील प्रमुख समाज कोडवा. मराठीत 'कोडगा' या शब्दाचा जो अर्थ आहे त्याचा येथे काहीही संबंध नाही, हे मुलीला आधीच सांगून ठेवावे, कारण प्रत्येक सहलीत पहिला विनोद यावरच होतो आणि यजमानांना तो समजावून सांगताना पंचाईत होते. जिल्हा लहान आहे: क्षेत्रफळ ४,१०२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडा अधिक, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख. जिल्ह्यात रेल्वे नाही. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा, पूर्वेला म्हैसूरच्या पठाराकडे उतरत जाणारा प्रदेश, आणि या दोहोंमध्ये पावसाचा इतका फरक, की मडिकेरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर तीसेक किलोमीटरवरील कुशालनगरला त्याच्या निम्म्याहूनही कमी. महाबळेश्वरहून वाईला उतरताना आपण जो बदल अनुभवतो तोच हा बदल आहे.

आता खालच्या थराकडे वळतो, कारण माझ्या मते सगळे महत्त्वाचे तेथेच आहे. कोडगूत जुनी नगरे जवळजवळ नाहीत. मडिकेरी सतराव्या शतकाच्या अखेरीची आहे आणि विराजपेट अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकातील. त्यापूर्वी, आणि पुष्कळ अंशी आजही, कोडवा माणूस गावठाणात राहत नाही. घर एकटे असते: समोर दरीच्या तळाशी भातखाचर, मागे चढणीवर झाडी, आणि शेजारी म्हणावे ते घर हाकेच्या अंतरापलीकडे. एका मूळ पुरुषाचे सगळे वंशज मिळून एक 'ओक्का' होतो, आणि त्या ओक्क्याचे मूळ घर म्हणजे 'आईनमने'. आपल्याकडील कुळाचा वाडा डोळ्यांसमोर आणला तर अर्धे चित्र मिळते. उरलेले अर्धे असे, की आईनमने कोणा एका भावाची नसते. वाटण्या झाल्या, माणसे बंगळुरूला किंवा परदेशी गेली, तरी ती ओक्क्याचीच राहते आणि सणाला सगळ्यांना तेथेच यावे लागते.

या घरापर्यंत जाणारी वाट बहुधा दोन्ही बाजूंना मातीच्या उंच बांधांमधून, वळणे घेत जाते. तिला 'ओणी' म्हणतात. पुढे पडवी, तिच्यावर फणसाच्या किंवा तशाच टिकाऊ लाकडाचे कोरीव खांब, आणि खांबांच्या मधोमध बसण्यासाठी जाड, गुळगुळीत फळ्या, ज्यांना 'आयमरा' म्हणतात. आयमऱ्यावर कोण बसतो यालाही नियम आहे. तो घरातील वडीलधाऱ्यांचा मान आहे. एकदा माझ्या गटातील एका तरुणाने तेथे बैठक मारली, तेव्हा यजमान काही बोलले नाहीत, केवळ आत जाऊन त्यांनी एक खुर्ची आणून ठेवली. तेव्हापासून मी ओणीतच सगळ्यांना थांबवून हे सांगतो. आतल्या दालनात टांगलेला दिवा रोज संध्याकाळी लावला जातो आणि घराबाहेर, थोड्या अंतरावर, मूळ पुरुषाचे छोटेसे देऊळ असते: 'कैमडा'. कोडवांच्या धर्माचा गाभा हा पूर्वजपूजेचा आहे. विवाहात पुरोहित नसतो. वडीलधारी माणसे अक्षता टाकून, दूध पाजून आशीर्वाद देतात. मुलगा जन्मला की बंदुकीचा एक बार आणि घरात मृत्यू झाला की दोन बार, ही जुनी रीत आहे. पूर्वी दरीपलीकडच्या घराला बातमी कळवण्याचा तोच मार्ग होता.

बंदुकीचा विषय निघालाच आहे तर तो येथेच पूर्ण करतो. कोडवा समाजाला आणि 'जम्मा' जमीन धारण करणाऱ्यांना १८६१ पासून शस्त्रपरवान्यातून सूट मिळत आली आहे आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरवली. या जम्मा पद्धतीत इतिहासाची किल्ली आहे. राजाला गरज लागेल तेव्हा घरातून लढायला माणूस द्यायचा आणि त्याबदल्यात वंशपरंपरेने, कमी साऱ्यावर, जमीन कसायची, असा हा व्यवहार होता. ती जमीन सहसा विकता येत नसे, म्हणून ओक्का फुटला नाही आणि आईनमने टिकली. खाचराला लागून चढणीवर जी झाडी जोडलेली असे तिला 'बाणे' म्हणत. ती पालापाचोळा, सरपण आणि गुरांसाठी होती, आणि पुढे कॉफी आली ती याच बाणे जमिनीवर. म्हणजे आज जे 'कॉफीचे मळे' म्हणून दाखवले जातात ते पूर्वीच्या शेतीव्यवस्थेचा एक बदललेला भाग आहेत. तिसरा घटक 'देवरकाडू', म्हणजे देवराई. जिल्ह्यात बाराशेहून अधिक देवरायांची नोंद आहे. भीमाशंकर-मुळशीकडच्या देवराया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यातले पुष्कळ ओळखीचे वाटेल. खाचर, घर, बाणे, देवराई हा संच एकदा नजरेत बसला, की गाडीच्या खिडकीतूनही जिल्हा वाचता येतो.

येथे एक सावधगिरी. कोडगू म्हणजे केवळ कोडवा नव्हेत. अरेभाषे बोलणारे गौडा, येरवा, जेनू कुरुबा, बेट्ट कुरुबा आणि कुडिया हे आदिवासी, मलयाळीभाषक मापिळा मुसलमान, तुळूभाषक अशी अनेक माणसे येथे शतकानुशतके राहत आहेत. येरवांचे श्रम पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या खाचरांत बांधलेले होते, आणि मळ्यांच्या कडेला मजुरांच्या खोल्यांची जी लांब रांग दिसते, जिला तेथे 'लाइनमने' म्हणतात, ती आईनमनेइतकीच या जिल्ह्याच्या इतिहासाची वास्तू आहे. तिचे छायाचित्र कोणी काढत नाही, एवढाच फरक.

कोडवांच्या उत्पत्तीविषयी आपल्याला हमखास ऐकवले जाईल की ते सिकंदराच्या सैनिकांचे वंशज आहेत, किंवा अरबांचे. पुरुषांचा काळा, गुडघ्यापर्यंतचा 'कुप्या', कमरेला तांबडा 'चेले' आणि त्यात खोचलेली 'पीचेकत्ती' पाहून ही कल्पना सुचली असावी. तिला पुरावा नाही. त्यांची भाषा, कोडवा तक्क, ही स्वच्छ द्राविडी भाषा आहे, आणि शेतीच्या पद्धतीपासून पूर्वजपूजेपर्यंत सगळे मलबार आणि तुळुनाडशी, म्हणजे मंगळूरकडच्या मुलखाशी, जोडलेले आहे. तसेच कुशालनगरचे: हैदरअलीला येथे मुक्कामी असताना टिपूच्या जन्माची खुशखबर मिळाली म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. टिपूचा जन्म १७५० च्या सुमारास देवनहळ्ळीला झाला आणि हैदरने कोडगूत लक्ष घातले ते १७६० नंतर. त्यामुळे ही कथा जुळत नाही. याच गावाला इंग्रजी अमलात फ्रेझरपेट म्हणत.

आता राजे. कोडगूचे शेवटचे राजघराणे म्हणजे हलेरी; त्याच्या आधी या प्रदेशावर गंग, चोळ, होयसळ यांचे वर्चस्व होते आणि त्यांच्या हाताखाली कोंगाळ्व व चंगाळ्व ही स्थानिक घराणी नांदत होती. उत्तरेकडील मुळ्ळूर येथे कोंगाळ्वांच्या काळातील, अकराव्या शतकातील, दगडी जैन बस्ती, म्हणजे देवळे, आहेत. त्या शांत आणि सुंदर आहेत, परंतु वाट वाकडी करावी लागते आणि आईंसोबत चार दिवसांत ते साधणार नाही. पुन्हा गेलात तर जा.

हलेरी घराणे सतराव्या शतकाच्या आरंभी आले. परंपरा सांगते की इक्केरीच्या नायकांच्या कुळातील वीरराज हा जंगमाच्या वेषात हलेरी गावी येऊन राहिला, लोकांचा विश्वास मिळवला आणि हळूहळू राजा झाला. घराणे लिंगायत, भाषा कन्नड. प्रजा कोडवा आणि गौडा. या राजांनी आपल्या समाजाची माणसे आणून सगळा मुलूख व्यापला नाही. नाडांचे (गावांच्या समूहांचे) आणि गावांचे प्रमुख, ज्यांना 'तक्क' म्हणतात, ते जागच्या जागी राहिले. मुद्दुराजाने १६८१ मध्ये राजधानी आजच्या मडिकेरीला हलवली आणि मातीचा किल्ला बांधला. 'मुद्दुराजनकेरी' याचेच पुढे मडिकेरी झाले असे मानतात.

अठराव्या शतकाचा उत्तरार्ध मात्र भयंकर आहे. हैदर आणि नंतर टिपू यांनी कोडगू अनेकदा जिंकले आणि कोडगूने तितक्याच वेळा बंड केले. टिपूने मडिकेरीचा किल्ला दगडात बांधून त्याला जाफराबाद नाव दिले, आणि मोठ्या संख्येने लोकांना पकडून श्रीरंगपट्टणला नेले. १७८५ च्या घटनांची, विशेषतः देवट्टपरंबू या ठिकाणी घडलेल्या हत्याकांडाची, आठवण तेथे आजही जखमेसारखी आहे. पकडलेल्यांचे आणि मारलेल्यांचे जे आकडे सांगितले जातात त्यांत प्रचंड तफावत आहे. मी गटासमोर कोणताही आकडा सांगत नाही, आणि यजमानांच्या घरी या विषयावर वाद घालू नये अशी विनंतीही करतो.

दोड्डवीरराजेंद्र हा या घराण्यातील सर्वांत लक्षणीय पुरुष. लहान वयात तो म्हैसूरच्या कैदेत पडला, १७८८ मध्ये पेरियापट्टणहून निसटला, माणसे जमवली आणि म्हैसूरची ठाणी एकामागून एक उठवली. १७९० मध्ये त्याने ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. येथे आपल्या इतिहासाचा धागा त्याच्या इतिहासात येऊन मिळतो. तिसऱ्या म्हैसूर युद्धात उत्तरेकडून परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या मराठी फौजा श्रीरंगपट्टणकडे उतरल्या होत्या. आणि त्याच युद्धात कंपनीचे मुंबईचे सैन्य जनरल अॅबरक्रॉम्बीच्या हाताखाली मलबारच्या किनाऱ्यावरून घाट चढून कोडगूमार्गे पुढे गेले. त्या सैन्याला वाट, धान्य आणि बैल पुरवले ते वीरराजेंद्राने. १७९२ च्या तहात टिपूला जो मुलूख सोडावा लागला त्यात मराठ्यांच्या वाट्याला तुंगभद्रेपर्यंतचा भाग आला आणि कोडगू कंपनीच्या छायेखाली गेले. अॅबरक्रॉम्बीशी झालेल्या भेटीची आठवण म्हणून राजाने वसवलेले गाव ते विराजपेट. मराठी वाचक हे युद्ध नेहमी हरिपंतांच्या छावणीतून पाहतो. तेच युद्ध घाटमाथ्यावरील एका लहान राजाच्या बाजूने पाहणे हा माझ्या सहलीतील सर्वांत आवडता तास असतो, आणि तो मी नालकनाडच्या अंगणात घेतो.

नालकनाडचा राजवाडा कक्कबेजवळ, ताडियंडमोळ या जिल्ह्यातील सर्वांत उंच, १,७४८ मीटर उंचीच्या शिखराच्या पायथ्याशी आहे. तो १७९२ ते १७९४ या काळात बांधला गेला. राजवाडा म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येते ते येथे नाही; लाकडी खांबांचे, उतरत्या छपराचे दुमजली घर आहे, आणि समोर राजाच्या विवाहासाठी उभारलेला छोटा मंडप. बांधणारा कैद भोगलेला माणूस होता हे लक्षात ठेवून त्याची जागा पाहावी: जंगलाच्या पोटात, दुरून न दिसणारी. एखाद्या आईनमनेनंतर लगेच हा वाडा पाहिला तर कळते, की राजाने स्वतःसाठी बांधले तेही शेवटी तेथील घराच्याच नमुन्यावर. मडिकेरीत मात्र त्याच घराण्याने घुमट आणि मिनार निवडले. या फरकावर मुलीला विचार करायला सांगा. तिच्या वयाला साजेसा प्रश्न आहे.

वीरराजेंद्राला मुलगा नव्हता. आपल्यामागे मुलगी देवम्माजीने राज्य करावे अशी त्याची इच्छा होती. १८०९ मध्ये तो वारल्यावर त्याचा भाऊ लिंगराजेंद्र याने तिला बाजूला सारून गादी घेतली. आज आपण मडिकेरीत जे पाहतो ते बरेचसे या लिंगराजेंद्राचे: किल्ल्यातील राजवाड्याची १८१२ ते १८१४ मधील पुनर्बांधणी आणि १८२० मधील ओंकारेश्वराचे देऊळ. हे देऊळ मधोमध घुमट, चार कोपऱ्यांना मिनारासारखे मनोरे आणि पुढे तलाव असे आहे. एका ब्राह्मणाच्या हत्येच्या पापातून सुटण्यासाठी राजाने काशीहून लिंग आणवले, अशी आख्यायिका आहे. कथेचे खरेखोटे काही असो, पण एका लिंगायत राजाने शिवाचे देऊळ मशिदीच्या रूपात बांधावे यात कोणालाही वावगे वाटले नाही, ही त्या काळाची अभिरुची होती. 'गद्दिगे' म्हणजे राजांच्या समाध्यांचे घुमटही त्याच धाटणीचे आहेत; तेथेच टिपूशी लढताना पडलेल्या बिद्दंड बोपूची समाधी आहे, ती चुकवू नये. राजाच्या शेजारी सेनानायकाला जागा मिळणे ही या राज्यातील सत्तेच्या वाटणीची दगडात राहिलेली खूण आहे.

शेवटचा राजा चिक्कवीरराजेंद्र. त्याच्या क्रौर्याच्या कथा पुष्कळ आहेत. त्याने नातलगांचे बळी घेतले, त्यांत देवम्माजीही होती, हे खरे. पण कंपनीने त्या क्रौर्याचा आपल्या सोयीने वापर केला, हेही तितकेच खरे. एप्रिल १८३४ मध्ये कंपनीच्या फौजा अनेक बाजूंनी शिरल्या, राजा नालकनाडला जाऊन दडला आणि लवकरच शरण आला. ७ मे १८३४ रोजी कर्नल फ्रेझरने कोडगू खालसा केल्याचा जाहीरनामा काढला आणि हे रहिवाशांच्या इच्छेनुसारच होत असल्याचे त्यात नमूद केले. राजा आधी वेल्लोरला आणि मग काशीला पाठवला गेला. १८५२ मध्ये तो आपल्या गौरम्मा या मुलीला घेऊन इंग्लंडला पोहोचला; कंपनीकडे अडकलेला पैसा मिळवण्यासाठी त्याने तेथे खटलाही चालवला. गौरम्माला ख्रिस्ती दीक्षा देण्यात आली आणि खुद्द व्हिक्टोरिया राणी तिची धर्ममाता झाली. बाप १८५९ मध्ये आणि मुलगी १८६४ मध्ये, दोघेही परदेशीच वारले.

राज्य गेल्यावर सगळे निमूट बसले असे समजू नये. नव्या राजवटीने अमर-सुळ्य आणि पुत्तूर हे भाग कोडगूपासून तोडून कॅनरा जिल्ह्याला जोडले आणि पूर्वी धान्यात दिला जाणारा सारा रोखीत मागायला सुरुवात केली. पैसा सावकाराच्या दारातच मिळत असल्याने शेतकरी पेटला. १८३७ च्या एप्रिलमध्ये गौडांच्या पुढाकाराने उठलेले लोक चालत मंगळूरपर्यंत गेले आणि काही दिवस ते शहर त्यांच्या हातात होते. १८५७ च्या वीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. तिचा एक नेता, गुड्डेमने अप्पय्य गौडा, याला त्याच वर्षी मडिकेरीच्या किल्ल्यात फाशी देण्यात आले. या बंडात कोडवा सरदारांपैकी बरेच जण कंपनीच्या बाजूने होते, हे कोडगूत आजही हळू आवाजात बोलले जाते.

कॉफीविषयी थोडक्यात सांगतो, कारण मळ्यावरचे मार्गदर्शक ते उत्तम सांगतात. १८५४ मध्ये फाउलर नावाच्या इंग्रजाने मडिकेरीजवळ पहिला युरोपीय मळा लावला; काही दशकांत खोडकिड्याने अरेबिका झोपवली, पुढे रोबस्टा आली, आणि आज देशातील सुमारे एकतृतीयांश कॉफी या एवढ्याशा जिल्ह्यातून येते. मळ्यात गेल्यावर कॉफीच्या झुडपांपेक्षा वरच्या सावलीच्या झाडांकडे अधिक पाहा. जेथे जुनी रानझाडे राखली आहेत तेथे बाणे अजून थोडी शिल्लक आहे. जेथे सरळसोट, ऑस्ट्रेलियाहून आलेली सिल्व्हर ओकच तेवढी दिसतात तेथे ती गेली.

आता आपला क्रम. म्हैसूरहून हुणसूर, पेरियापट्टण, कुशालनगर या रस्त्याने जिल्ह्यात शिरा. अंतर मडिकेरीपर्यंत सुमारे १२० किलोमीटर आहे. वाटेत बैलकुप्पे लागते. तेथील तिबेटी वसाहत १९६१ पासूनची आहे आणि तिचा सुवर्णमंदिराचा मठ अवश्य पाहण्यासारखा आहे, पण हे सगळे म्हैसूर जिल्ह्यात येते. कोडगूच्या इतिहासात त्याची सरमिसळ करू नये. मुक्काम मडिकेरीत न करता नापोकलू-कक्कबे भागात एखाद्या कुटुंबाच्या घरी करा, आणि तीनही रात्री तेथेच राहा. आईंना रोज सामान हलवण्याचा त्रास होणार नाही.

दुसरा दिवस नदीचा. भागमंडलाला कावेरी आणि कन्निके यांचा संगम आहे, तिसरी सुज्योती गुप्त मानतात. भागंडेश्वराच्या देवळाची उतरती छपरे पाहताच केरळ किती जवळ आहे हे कळते. तेथून आठ किलोमीटरवर, १,२७६ मीटर उंचीवर, तलकावेरी. उगमाची 'कुंडिके' अगदी छोटी आहे आणि एरवी तीतून प्रवाह वाहताना दिसत नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर तुळा संक्रांतीला, ठरलेल्या मुहूर्तावर, पाणी उसळून येते ते पाहायला हजारो लोक जमतात. समुद्र पश्चिमेला हाकेवर असताना नदी पूर्वेकडे आठशे किलोमीटर जाते, हे कृष्णेच्या काठच्या माणसाला वेगळे सांगायला नको. मागच्या ब्रह्मगिरीच्या पायऱ्या आईंनी चढू नयेत. ऑगस्ट २०२० मध्ये याच डोंगराची दरड कोसळून पुजाऱ्यांचे घर माणसांसह गाडले गेले. त्याच्या दोन वर्षे आधी, ऑगस्ट २०१८ मध्ये, मडिकेरीच्या आसपासच्या अनेक वस्त्या अशाच गेल्या. उतारांवरचे ओरखडे अजून दिसतात. पावसाळ्यात मी गट नेणे तेव्हापासून बंद केले आहे.

तिसरा दिवस कक्कबेचा: सकाळी पाडी इग्गुतप्पाचे देऊळ, मग नालकनाड, आणि दुपारनंतर यजमानांच्या ओळखीने एखादी आईनमने. इग्गुतप्पा हा पावसाचा आणि पिकाचा देव. 'पुत्तरी' या नव्या भाताच्या सणाचा मुहूर्त येथूनच ठरतो. पुत्तरी नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरात पौर्णिमेच्या सुमारास येते, म्हणून आपले आरक्षण करण्याआधी यंदाची तारीख विचारून घ्या आणि शक्य असेल तर सहल तिच्याभोवती बसवा. रात्री मुहूर्तावर सगळा ओक्का दिवे घेऊन खाचरात उतरतो, बंदुकीचा बार होतो, 'पोली पोली देवा' अशी आरोळी उठते आणि पहिल्या लोंब्या कापल्या जातात. पोली म्हणजे वाढ, बरकत. पुढचे काही दिवस गावाच्या 'मंद' नावाच्या मोकळ्या माळावर कोलाट, म्हणजे टिपऱ्यांचा नाच, चालतो. याउलट, सप्टेंबरातील 'कैलपोल्दू' हा शस्त्रपूजेचा सण आपल्या खंडेनवमीसारखाच, पण लावणी संपल्यावर येणारा. तो आपल्याला या वेळी मिळणार नाही.

चौथ्या दिवशी मडिकेरी. किल्ल्यातील जुने चर्च आता संग्रहालय आहे, राजवाड्यात बरीच वर्षे सरकारी कचेऱ्या होत्या, आणि कोपऱ्यात चुन्याचे दोन पूर्णाकृती हत्ती उभे आहेत. ओंकारेश्वर, गद्दिगे, आणि मग जनरल तिमय्या यांचे 'सनी साइड' हे घर, जे २०२१ पासून संग्रहालय आहे. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा आणि पुढे सरसेनापती झालेले तिमय्या हे दोघेही एकाच, कोडंडेर, ओक्क्यातले. तीन दिवस ओक्का म्हणजे काय ते पाहिल्यावर या एका वाक्यातले वजन लक्षात येते. पहिल्या दिवशी ते नुसते सामान्यज्ञान ठरते. कोडगू १९५६ पर्यंत स्वतंत्र राज्य होते, स्वतःचे मुख्यमंत्री असलेले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते म्हैसूर राज्यात विलीन झाले, हेही तेथे आठवावे. स्वतंत्र ओळखीच्या मागणीमागे ती आठवण आहे.

जेवणाविषयी आपण विचारले नव्हते, तरी सांगतो. कोडवा घरात पाहुण्यासाठी 'पंदी करी', म्हणजे डुकराच्या मांसाचा रस्सा, आणि 'कडंबुट्टू' हे भाताच्या कण्यांचे वाफवलेले गोळे हमखास होतात. तुम्ही शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच स्पष्ट सांगा. आयत्या वेळी सांगितले तर यजमानीण बाईंना उगाच अपराधी वाटते. रश्श्याचा काळसर आंबटपणा 'काचमपुळी'चा असतो. आपल्या आमसुलाच्या जातभाई फळाचा रस आटवून ती करतात. एक छोटी बाटली घरी घेऊन या. माशाच्या कालवणात चमचाभर पुरते, आणि ती वर्षानुवर्षे टिकते.